नागपूर आणि आसपासचं जुनं बघायला गाइड घ्यावा का? नव्यानं आलेल्यांसाठी

नागपूरला बदली होऊन आलेली, शिकायला आलेली किंवा चार दिवस पाहुणी आलेली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. इथं जुनं बघण्यासारखं काय आहे, आणि ते दाखवायला कुणाला सोबत घ्यावं का? पहिल्या प्रश्नावर ‘काही नाही राजेहो, वाघ बघायला जा’ म्हणणारे नागपूरकर भेटतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. गोंड राजांचं शहर, भोसल्यांची राजधानी, इंग्रजांच्या मध्य प्रांताचा कारभार आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर थेट वाकाटकांची राजधानी, एवढं सगळं या एका जिल्ह्यात आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: गाइड घ्यायचा की नाही हे सगळ्या सहलीसाठी एकदाच ठरवू नका. प्रत्येक जागेसाठी वेगळं ठरवा. झिरो माईलच्या खांबापाशी गाइडला पैसे देणं फुकट जातं, आणि तिथून रिक्षानं थोड्याच वेळात पोचता येणाऱ्या महाल या जुन्या वस्तीत गाइड न घेणं हेच नुकसानीचं ठरतं. कुठं काय करायचं ते पुढे क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: तासभर वाचून घ्या

कुणालाही फोन करण्याआधी एवढा क्रम डोक्यात बसवा. पाचव्या शतकाच्या आसपास हा प्रदेश वाकाटकांचा होता. त्यांची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे आजचं रामटेकजवळचं नगरधन, असं मानलं जातं. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनंच राज्य चालवलं. नंतरची बरीच शतकं ओलांडून आपण गोंडांकडे येतो. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या लहान गावांचं नागपूर शहर केलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानं इथं राजधानी आणली. आज आपण ज्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो, तो जुना जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. मग घरातल्या वारसाच्या भांडणात मदतीला बोलावलेले रघूजी भोसले आले आणि १७४३ पासून सत्ता त्यांच्या हाती गेली. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर.

एवढं माहीत असलं की दोन फायदे होतात. काही जागा गाइडशिवायच बोलू लागतात, आणि जिथं गाइड घ्याल तिथं तो पहिला अर्धा तास वंशावळ सांगण्यात घालवत नाही. तुम्ही थेट विचारू शकता, ‘हा बुरूज गोंडांचा की भोसल्यांचा?’

दुसरी पायरी: आपल्याकडे काय कमी आहे ते ओळखा

गाइड आपल्याला तीन गोष्टी देतो: वाट, माहिती आणि ओळख. वाट आता फोनवर मिळते, निदान शहरात तरी. माहिती थोडी वाचून मिळते, पण समोरच्या दगडाशी ती जोडायला जाणतं माणूस लागतं. ओळख मात्र कुठल्याच ॲपवर मिळत नाही. बंद दार उघडून ‘या, आत या’ म्हणणारं घर, देवळाच्या मागची पायरी दाखवणारे गुरुजी, शेताच्या बांधावरून जाऊ देणारा शेतकरी, हे ओळखीनंच होतं.

तेव्हा प्रत्येक जागेपुढे लिहून ठेवा: वाट हवी, माहिती हवी की ओळख हवी? फक्त वाट हवी असेल तर गाइड नको. माहिती हवी असेल तर विचार करा. ओळख हवी असेल तर घ्याच.

तिसरी पायरी: एकट्यानं बघायच्या जागा आधी उरकून घ्या

झिरो माईलचा खांब आणि त्याशेजारचे चार घोडे बघायला कुणीच लागत नाही. १९०७ मधल्या सर्वेक्षणाच्या काळातला हा खांब आहे. त्यावर कवठा, हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी गावं आणि अंतरं कोरलेली आहेत. ती सावकाश वाचा. एकेकाळी नागपूरहून रस्ते कुठं कुठं निघत होते याचा नकाशाच त्यावर आहे. मेट्रोचं स्टेशन शेजारीच आहे.

मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ चा. सोमवारी बंद असतो. तिथं पाट्या आहेत, वेळ काढून फिरा. रामटेकला जाण्याआधी इथं येऊन गेलात तर तिकडचं जास्त समजेल. रेल्वे स्टेशनची १९२५ ची इमारत जाता-येता बघितली तरी चालते.

दीक्षाभूमीला गाइड घेऊ नका, हा माझा आग्रह आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथं धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. तिथं शांत बसणं हेच बघणं आहे. आवारात बसलेल्या एखाद्या आजीला किंवा काकांना नमस्कार करून ‘जय भीम’ म्हणा, विचारा, त्या वेळी घरातलं कोण आलं होतं. जे ऐकायला मिळेल ते कुठल्याही ठरलेल्या भाषणापेक्षा खरं असतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास मोठी गर्दी होते. वास्तू नीट बघायची असेल तर दुसरा दिवस निवडा. लोकांची श्रद्धा बघायची असेल तर मात्र तोच दिवस.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांसाठी खुला करतात. आत कुठं जायचं, कुठं नाही, हे जवानच सांगतात. एरवी ‘मी आत नेतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

चौथी पायरी: महालासाठी माणूस शोधा

मी पैसे खर्च करायला सांगेन तो महालात. बाहेरून आलेला माणूस गांधी दरवाजापाशी उतरतो, समोरची कमान बघतो, फोटो काढतो आणि कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीत हरवून जातो. ही कमान म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. शहराला परकोट होता त्याची उरलेली खूण. परकोट कुठून कुठं जात होता, त्याची भिंत आज कुणाच्या घराच्या मागच्या भिंतीत गेली, हे दाखवायला तिथं वाढलेला माणूसच हवा.

महाल हे संग्रहालय नव्हे, ती नांदती वस्ती आहे. गोंड राजांचा किल्ला आणि भोसल्यांचा राजवाडा ही आजही त्या त्या घराण्यांची घरं आहेत. परवानगीशिवाय आत शिरायचं नसतं, अंगणात उभं राहून खिडकीकडे कॅमेरा रोखायचा नसतो. चिटणवीसांच्या वाड्यासारखे जुने वाडे, रुक्मिणी मंदिराचं दगडी नक्षीकाम, गल्लीच्या टोकाला अचानक दिसणारी लाकडी कोरीव तुळई, यातल्या बऱ्याच गोष्टींवर पाटी नाही. एखादा वाडा बाहेरून मोडकळीला आलेला दिसतो आणि आतल्या चौकातले खांब बघून आपण गप्प होतो. ते दार आपल्यासाठी उघडतं ते सोबतच्या माणसानं ‘काकू, हे पाहुणे आले, पाच मिनिटं दाखवू का?’ असं विचारल्यावर. हेच गाइडचं खरं काम, आणि ते तो आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारधर्मावर करतो. म्हणूनच महालातला गाइड महालातलाच असावा, निदान तिथं रोजचं जाणं-येणं असलेला.

वेळ सकाळची घ्या. दुकानं उघडण्याआधी गल्ल्या मोकळ्या असतात, भिंती आणि छज्जे दिसतात. उन्हाळ्यात तर सकाळी साडेसहाला निघून नऊला परत, दुसरा पर्याय नाही. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कुणाचीही परीक्षा घेतं. चालून झाल्यावर तर्री पोहे खा आणि सोबतच्यालाही बसवून घ्या. टेबलावर गोष्टी जास्त निघतात.

एक दिवस मात्र वेगळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्या दिवशी या भागात पाय ठेवायला जागा नसते आणि ऐकायला कुणाला उसंत नसते. गाइड बोलावू नका, मिरवणुकीत सामील व्हा. वास्तूंसाठी दुसऱ्या दिवशी या.

पाचवी पायरी: रामटेक, नगरधन आणि मनसर एकत्र आखा, पण गाइड वाटून घ्या

रामटेक नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. गणेशपेठहून एसटी आहे, पण तिन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर गाडी लागेल.

रामटेकच्या टेकडीवरचं गडमंदिर एकट्यानं बघता येतं. वाट सरळ आहे, पायऱ्यांवर माकडं आहेत, हातातली पिशवी सांभाळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत दर्शनाच्या गर्दीत वास्तू दिसणं अवघड. अंबाळा तलावाभोवतीची देवळंही निवांत फिरण्याजोगी आहेत. पण टेकडीवरचीच केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरं लोक घाईत ओलांडून पुढे जातात. ती वाकाटकांच्या काळातली आहेत, म्हणजे वरच्या गडमंदिराहून कितीतरी जुनी. केवल नरसिंहाच्या मंदिरातल्या शिलालेखात प्रभावतीगुप्ताच्या घराण्याचा उल्लेख आहे. तिथं जाणता माणूस सोबत असेल तर अर्धा तासही कमी पडतो.

नगरधनचा किल्ला बाहेरून तुम्हाला मध्ययुगीन वाटेल, आणि तो तसा आहेही. पण या गावात झालेल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. वरचा किल्ला एका काळाचा, पायाखालची माती दुसऱ्या काळाची. हे पाटीवर वाचून कळत नाही, कुणीतरी उभं करून दाखवावं लागतं.

आणि मनसर. हिडिंबा टेकडीवर विटांचं भलंमोठं बांधकाम उघडं पडलं आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला ते नुसत्या विटांचे ढिगारे दिसतात. पायऱ्या, ओटे, बांधकामाच्या एकावर एक आलेल्या पातळ्या वेगळ्या करून सांगणारा नसेल तर वीस मिनिटांत माणूस कंटाळून गाडीत जाऊन बसतो. मनसरला सापडलेली शिवाची सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा जागेवर ती शोधू नका. या वास्तूबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींना इथं बौद्ध स्तूप दिसतो, काहींच्या मते हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर हे शिवमंदिर. चांगला गाइड दोन्ही बाजू सांगतो आणि कुठल्या खुणेवरून कोण काय म्हणतं ते बोट ठेवून दाखवतो. जो एकच बाजू छाती ठोकून सांगतो, त्याचं ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका.

माझा हिशेब असा: रामटेकला सकाळी आपले आपण जा, दर्शन घ्या, फिरा. गाइडला दुपारपूर्वी भेटा आणि नरसिंह मंदिरं, नगरधन, मनसर एवढ्यासाठीच त्याचा वेळ घ्या. दिवसभराचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि जिथं त्याची गरज आहे तिथंच तो असतो.

सहावी पायरी: माणूस शोधायचा कुठं

अजिंठा-वेरूळसारख्या ठिकाणी ओळखपत्र लावलेले परवानाधारक गाइड दारातच भेटतात. नागपूरकडे तसं नाही, शोधावं लागतं. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागात विचारा. तिथले संशोधक विद्यार्थी कधी सोबत येतात, कधी योग्य माणसाचं नाव देतात. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या नागपूर शाखेकडे हेरिटेज वॉकची चौकशी करा. रामटेकला कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, तिथंही वाकाटकांबद्दल आस्थेनं बोलणारी माणसं मिळतात. गावातले निवृत्त शिक्षक हा तर उत्तम मार्ग. चहाच्या टपरीवर ‘इथला इतिहास कोण सांगते जी?’ एवढं विचारलं तरी एखादं नाव पुढे येतं.

हॉटेलच्या काउंटरवरून किंवा रिक्षावाल्याकडून मिळणारा माणूस वाईटच असतो असं नाही. पण तो बऱ्याचदा वाट दाखवणारा असतो. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर ठीक.

सातवी पायरी: आधी फोनवर बोलून घ्या

पाच मिनिटं बोललात तरी माणूस कळतो. मी एक प्रश्न हमखास विचारायला सांगतो: ‘सीताबर्डीच्या किल्ल्यात गांधीजी कैदेत होते का?’ १९२३ साली त्यांना तिथं ठेवलं होतं, असं बरेच जण आत्मविश्वासानं सांगतात. आता तारखा बघा. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अटक झाली, त्याच महिन्यात ते येरवड्याला गेले आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटेपर्यंत पुण्यातच होते. १९२३ मध्ये नागपुरात गाजला तो झेंडा सत्याग्रह. जो गाइड हे वेगळं करून सांगेल, किंवा प्रामाणिकपणे ‘भाऊ, लोकं सांगतात, पण मले पक्कं माहीत नाही’ म्हणेल, त्याला घ्या. हे दुसरं वाक्य मला गाइडच्या तोंडून ऐकायला सगळ्यात जास्त आवडतं.

रामटेकसाठी दुसरा प्रश्न: मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच का? इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी हे मत मांडलं आणि आपल्याकडे ते मानलं जातं. छत्तीसगडमधल्या रामगडचाही दावा आहे. माणसाला दोन्ही माहीत असेल तर तो नक्की वाचणारा आहे.

भाषाही विचारून घ्या. नागपुरात अनेक जण सवयीनं हिंदीत सुरू करतात. ‘मराठीतच सांगा, तुमच्या मराठीत सांगा’ असं म्हटलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

आठवी पायरी: पैशाचं आधी बोला

हे बोलायला लाजू नका, दोघांच्याही सोयीचं असतं. किती तास, माणशी की सगळ्यांचे मिळून, गाडी कुणाची, तिकीट कुणाचं, जेवणाचं काय. फोनवर ठरलेलं मेसेजमध्ये एका ओळीत लिहून पाठवा. घासाघीस फार करू नका. महाल किंवा मनसर दाखवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं यावर घर चालत नाही, दुसरं काम सांभाळून ते येतात. विद्यार्थी किंवा निवृत्त गुरुजी ‘राहू द्या हो’ म्हणाले तरी पाकीट हातात द्या. त्यांच्या वेळेची किंमत आहे.

वाटेत एखाद्या दुकानात नेऊन खरेदीचा आग्रह होऊ लागला तर सौम्यपणे ‘आज नको, पुढे जाऊ’ म्हणा. पुन्हा तसंच झालं तर ठरलेले पैसे देऊन तिथंच निरोप घ्या. भांडायची गरज नाही.

सोबत चालताना

पहिला अर्धा तास त्याला बोलू द्या, मग थांबवून विचारा. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न आदरानं विचारला तर कुणी दुखावत नाही. ऐकीव कथा आणि पुरावा दोन्ही टिपून घ्या, फक्त वेगवेगळ्या पानांवर. कथाही गावाचाच ठेवा आहे, ती सोडून देऊ नका. मुलं सोबत असतील तर आधीच सांगा. तारखा कमी आणि दाखवणं जास्त, असं तो जुळवून घेतो. आणि शेवटचा अर्धा तास एकट्यासाठी ठेवा. ज्या चौकात किंवा ओट्यावर जावंसं वाटलं तिथं परत जा, न बोलता बघा.

नागपूरच्या पुढे जाणार असाल तर

भंडारा जिल्ह्यातलं पवनी आणि चंद्रपूर ही पुढची दोन गावं. पवनीला गावभर देवळं आहेत आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथं स्थानिक माणसाशिवाय गेलात तर देवळं बघाल आणि स्तूप राहून जाईल, तेव्हा आधी फोन करून कुणालातरी गाठा. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा यांसारखे दरवाजे मात्र आपले आपण बघता येतात. तिथल्या स्वयंसेवकांनी परकोटाची सफाई करून चालण्याजोगी वाट केली आहे. त्यांच्यापैकी कुणी सकाळी सोबत येणार असेल तर नाही म्हणू नका. पवनीसाठी अख्खा दिवस ठेवा. चंद्रपूरला मुक्काम करून पहाटे परकोटावर चढा.